नाव कोणाचे, साथ कोणाची

बीबी का मकबऱ्याच्या पाठीमागे जी डोंगररांग दिसते, तिच्या पोटात औरंगाबाद लेणी आहेत. अजिंठा आणि वेरूळ या दोन थोरल्यांच्या मध्ये अडकल्याने पर्यटकांची पावले तिकडे कमीच वळतात. सहाव्या शतकाच्या आसपास कोरलेल्या सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात मात्र असा एक शिल्पपट आहे की, तो पाहून आजच्या एखाद्या ऑर्केस्ट्राच्या मालकानेही मान डोलवावी. मध्यभागी नर्तकी, डौलात कंबर वळवलेली. तिच्या दोन्ही अंगांना मिळून सहा वादक स्त्रिया. कोणाच्या ओठांशी बासरी, कोणाच्या हाती टाळ, कोणापुढे तालवाद्य. मधली बाई कोण, देवी की नर्तकी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. रचनेबद्दल मात्र शंका घ्यायला जागा नाही. जिच्याकडे बघायचे ती मध्ये, ठसठशीत. साथीदार कडेला, आपापल्या वाद्यात गुंतलेले.

आज एखाद्या बँडची किंवा गायिकेची वेबसाइट उघडली की हीच मांडणी पडदाभर पसरते. वर नाव, तेही खास वळणाच्या अक्षरांत. त्याखाली मोठे छायाचित्र. मग एका ओळीत गाणी, कार्यक्रमांच्या तारखा, ओळख, विक्री आणि शेवटी संपर्क. जगाच्या पाठीवर कुठेही जा, हा क्रम फारसा हलत नाही. वेबवर चढलेल्या अगदी पहिल्या छायाचित्रांपैकी एक होते ते चार बायकांच्या गाण्याच्या चमूचे. १९९२ च्या जुलैमध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत 'ले ओरीब्ल सर्नेत' नावाच्या गमत्या चमूचा फोटो तिथल्याच एका सहकाऱ्याने रंगमंचामागे काढला आणि वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या मंडळींनी तो जाळ्यावर लावला. अणूंचा अभ्यास करणाऱ्यांनी बनवलेल्या नव्या माध्यमात गाणाऱ्या बायका इतक्या लवकर पोचल्या, यात नवल नाही. गाणाऱ्याला स्वतःची जाहिरात करावीच लागते, आणि जे माध्यम हाताशी येईल त्यावर तो आधी बसतो. तशा जाहिरातीचे बहुतेक नियम कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी ठरले. त्यांतले बरेच या एका शहराच्या, म्हणजे औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या पंचक्रोशीत बसून पाहता येतात.

'ओळख' या पानापासूनच सुरुवात करावी. शहरापासून पंधराएक किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात यादव राजा सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. हिशेबाच्या खात्यावर त्याची नेमणूक होती, आणि फावल्या वेळात म्हणावे तर त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. हा ग्रंथ पुढे हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही परंपरांनी आपला मानला. ग्रंथाच्या सुरुवातीला तो स्वतःची कुळकथा सांगतो: आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले, वडील सोढल यांनी यादवांची चाकरी केली. पुढे तो लिहितो की, नाना ठिकाणी भटकून दमलेली सरस्वती विसाव्यासाठी आपल्याच घरी येऊन राहते. आजच्या कोणत्याही कलाकाराच्या परिचयपत्रकात यापेक्षा जास्त फुशारकी सापडणे कठीण. गुरू कोण, घराणे कोणते, कोणाच्या आश्रयाला होतो आणि सरस्वतीची आपल्यावर किती कृपा, हा परिचयाचा साचा देवगिरीच्या पायथ्याशी तेव्हाच तयार होता.

त्याच ग्रंथात गायनवृंदाचे मोजमापही आहे. उत्तम वृंद कोणता? ज्यात ४ मुख्य गायक, ८ साथ देणारे गायक, १२ गायिका, ४ बासरीवाले आणि ४ मृदंगवादक असतात तो. म्हणजे एकूण ३२ माणसे. मध्यम आणि कनिष्ठ वृंद त्याहून लहान. शार्ङ्गदेवाला मुख्य गायकाइतकीच मागच्या माणसांची मोजदाद महत्त्वाची वाटली, हे इथे नोंदवून ठेवण्यासारखे आहे. कारण पुढच्या सातशे-आठशे वर्षांत पुढचा माणूस मोठा होत गेला आणि मागचे धूसर.

छापखाना नव्हता तेव्हा गाण्याने आपला मालक कोण ते स्वतःच सांगावे, अशी सोय होती. याच देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामी कारभार पाहत. पैठणचे एकनाथ लहान वयात त्यांच्याकडे आले आणि पुढे अभंगांत, भारुडांत स्वतःच्या नावाला गुरूचे नाव जोडून मुद्रा घातली. नाव आणि घराणे एका दमात. ही मुद्रा गाण्याच्या शेवटी येते, म्हणजे ऐकणारा उठून जाण्याआधी रचणाऱ्याचे नाव त्याच्या कानावर पडतेच. शाहिरांनी पोवाड्यात तेच केले. गझलेच्या अखेरच्या शेरात तखल्लुस घालण्याचा रिवाजही याच कामाचा. १७६३ मध्ये याच शहरात वारलेले सिराज औरंगाबादी यांची गझल आज पाकिस्तानातले कव्वालही गातात. चाल बदलते, गाणारा बदलतो, पण रचनेत विणलेले नाव काढता येत नाही. कोणत्याही सॉफ्टवेअरला अजून इतकी पक्की मुद्रा जमलेली नाही.

मग तबकडी आली. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जान यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी गाणे गायले आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारले. त्या काळी ध्वनिमुद्रणाचे साचे जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तबकड्या तिथे निघत. तिथल्या कारागिराला ठुमरी काय आणि दादरा काय. आवाज कोणाचा हे कळायला आवाजातच नाव हवे. पुढे तबकडीच्या मधल्या गोल लेबलावर नाव, राग आणि भाषा छापली जाऊ लागली, तेव्हा ही घोषणा अनावश्यक ठरली. पण काही वर्षे ती चालू राहिली, कारण ऐकणाऱ्यांना ती आवडायला लागली होती. कारखान्याच्या गरजेतून निघालेली गोष्ट अशी सवयीने टिकते.

त्या गोल लेबलावर जागा तळहाताएवढीही नसे, पण तिथे अख्खा समाज बसवलेला होता. पुरुष गायक 'मास्टर', स्त्री 'बाई', 'जान' किंवा 'मिस'. घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबातली मुलगी गायली, तर नावापुढे 'अॅमेच्युअर' छापायचे; म्हणजे ही पोटासाठी गात नाही, असा खुलासा. आणि आडनावात गाव. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर जन्मले १८९८ मध्ये आळंदीला, नाव झाले पुण्या-मुंबईत, गंधर्व नाटक मंडळीत आणि प्रभातच्या चित्रपटांत. पण आडनावातून आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले फुलंब्री गाव महाराष्ट्रभर फिरत राहिले. तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, हे त्या लेबलांवर बहुधा नसेच. जागा नव्हती हे खरे. पण जागा कोणासाठी काढायची, हे कंपनी ठरवत होती, हेही खरे.

कंपनीच्या ऐवजी गावकरी पैसे मोजतात तिथे पाटीचा मजकूर बदलतो. तमाशाचेच पाहा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या एका नावात बाई, वडील, जात आणि गाव चारही येतात, आणि चारही गोष्टी जत्रेत आलेल्याला ऐकायच्या असत. 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर' या फडाच्या नावातला 'सह' तर विशेष. आईचे नाव पडू द्यायचे नाही, मुलाचे पुढे आणायचे, दोघांचे प्रेक्षक एकाच तंबूत आणायचे; हे सगळे त्या दोन अक्षरांवर तोलले आहे. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाचा फलक, कलावंतांचे फोटो, आत मॅनेजर आणि त्याच्यापुढे तारखांची वही. मराठवाड्यापासून कोकणापर्यंतचे यात्रा कमिटीवाले इथे सुपारी द्यायला येतात. कोणती तिथी मोकळी, किती बाया, सोंगाड्या कोण, ढोलकीला कोण, ही चौकशी आधी, मग घासाघीस, मग विसार. एकाच तिथीवर अनेक गावांच्या यात्रा असल्या की भाव चढतो. वेबसाइटवरचे 'कार्यक्रम' आणि 'संपर्क' ही दोन्ही पाने इथे एका सतरंजीवर मांडलेली असतात. शिवाय समोरासमोर बोलता येते, जे वेबसाइटवर होत नाही.

संभाजीनगरची छावणी हे या गोष्टीतले वेगळे ठिकाण. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालचे हैदराबाद कंटिंजंट इथे तळ देऊन असे. अशा पलटणींबरोबर पितळी वाद्ये देशभर पसरली, संस्थानिकांच्या दरबारात गेली आणि तिथून लग्नाच्या मांडवात उतरली. सनई-चौघडा, हलगी, संबळ यांच्या शेजारी ट्रंपेट आणि क्लॅरोनेट आले. बँडवाल्यांनी पलटणीकडून सूर घेतले त्याहून जास्त पोशाख घेतला: लाल किंवा निळा कोट, खांद्यावर सोनेरी झुबके, टोपीला तुरा. भारतातल्या बँडवाल्यांवर मोठे पुस्तक लिहिणारे अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी हा धंदा जवळून पाहिला आहे. मालक एक, दुकान एक, आणि वाजवणारे हंगामापुरते गावोगावहून आणलेले. हे चित्र देशभर थोड्याफार फरकाने सारखेच.

मोठ्या ढोलाचे गोल पान ही बँडची सगळ्यात हक्काची जागा. पांढऱ्या पानावर लाल-निळ्या ऑइलपेंटने नाव, नावाच्या आधी 'न्यू' किंवा 'श्री', खाली 'ब्रास बँड', त्याखाली 'प्रो.' आणि फोन नंबर. ढोल पोटावर बांधून वाजवायचा, म्हणजे पाटी वाजणाऱ्याच्या बरोबर चालते आणि वरातीच्या तोंडाशी राहते. यात मराठी माणसाने विलायतेचे अनुकरण केले असे म्हणावे, तर विलायतेतही तोच उपाय निघाला होता. लंडनच्या एका वाद्यदुकानात १९६३ मध्ये रिंगो स्टारसाठी नवा ड्रम संच घेतला गेला, तेव्हा दुकानमालक आयव्हर आर्बिटर यांनी तिथल्या तिथे 'बीटल्स' या नावाची अक्षरे रेखाटली. त्यात मधली 'टी' खाली ओढलेली होती. ती अक्षरे ढोलाच्या पानावर रंगवून घेतली आणि पुढे जगातल्या सर्वांत ओळखीच्या अक्षरांत जमा झाली. फरक इतकाच की बीटल्सच्या ढोलामागे बसलेल्या माणसाचे नाव सगळ्यांना माहीत होते. लग्नातला ढोल ज्याच्या पोटावर असतो, त्याचे नाव त्या पानावर कधीच नसते. तिथे मालकाचे असते. पुण्याच्या सोलापूरकर कुटुंबाचा प्रभात बँड असो की मराठवाड्यातल्या तालुक्याचा एखादा बँड, ख्याती दुकानाच्या नावाने चालते.

यंदा वरातीत पाहिले तर बँडच्या पुढे भोंगे, अॅम्प्लिफायर आणि कॅसिओ लादलेली गाडी ढकलली जाते. ऑइलपेंट जाऊन एलईडीची पळती अक्षरे आली आहेत. पण मजकूर तोच, क्रमही तोच: नाव, प्रोप्रायटर, मोबाइल. दोन हजार सालानंतर फ्लेक्स आल्यावर रंगारी पेंटरचे काम गेले आणि त्याच्याबरोबर फलकाच्या कोपऱ्यातली त्याची सहीही गेली. त्या सह्या कोणी गोळा केल्या असत्या, तर शहराच्या अक्षरकलेचा इतिहास लिहिता आला असता.

ज्यांच्यावर वाजवण्याचे काम जातीने लादले होते, त्यांनी गाण्याची पाटी कशी बदलली, हा इथला खरा मोठा अध्याय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत तीसच्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डक यांच्यासारख्यांचे जलसे उभे राहिले. गावकीचे वाजवणे सोडायचे आणि स्वतःचे म्हणणे गाऊन सांगायचे. जलशाला बोलावणे ओळखी-निरोपांतून आणि कार्यकर्त्यांकडून यायचे. औरंगाबादेत १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय आले, नागसेनवन उभे राहिले आणि चळवळीच्या गाण्याला इथे कायमचा श्रोता मिळाला. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या रचना तोंडोतोंडी झाल्या. मराठवाडा विद्यापीठाला १४ जानेवारी १९९४ रोजी बाबासाहेबांचे नाव जोडले गेले, आणि तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला विद्यापीठाच्या कमानीसमोर माणसांचा पूर लोटतो. पुस्तकांचे स्टॉल, निळे झेंडे, आणि प्रत्येक स्टॉलच्या भोंग्यातून वेगळे गाणे.

नव्वदच्या दशकात या स्टॉलवर कॅसेटी असत, आणि त्यांचे वेष्टन नीट पाहण्यासारखे. कॅसेटच्या डबीतले कार्ड उभे, बोटभर लांब, आत दुमडलेले. पुढच्या बाजूला बाबासाहेब, बुद्ध किंवा दोघेही, आभाळात सूर्य उगवावा तसे. निळी पार्श्वभूमी. खाली मोठ्या, सावली दिलेल्या अक्षरांत नाव. आणि अगदी तळाशी, कोपऱ्यात, पासपोर्टएवढ्या लंबगोलात गायक, काळ्या चष्म्यात किंवा सफारीत. कण्यावर, म्हणजे डब्या रचून ठेवल्यावर जेवढे दिसते तेवढ्या पट्टीवर, पुन्हा नाव. आत 'ए' बाजूची गाणी, 'बी' बाजूची गाणी, गीतकार, संगीत, कोरस. प्रल्हाद शिंदे यांनी विठ्ठलाची गाणीही गायली आणि भीमगीतेही. त्यांच्या भक्तिगीतांच्या कॅसेटवर याच साच्यात बाबासाहेबांच्या जागी विठ्ठल असे. वरचा बदलतो, खालचा लंबगोल कायम. बँडच्या ढोलावर जशी मालकाची पाटी, तसा इथे आराध्याचा मान. गायक स्वतःहून खाली बसला होता, आणि त्यातच त्याची विक्री होती. टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी कॅसेट स्वस्त केली म्हणून हे शक्य झाले. रेकॉर्ड कंपनीच्या दारात ज्याला कोणी उभे केले नसते, त्याच्या नावाची कॅसेट निघू लागली.

शास्त्रीय संगीताच्या पत्रिकेत शिष्टाचार वेगळा. पंडित नाथराव नेरळकर नांदेडचे, आणि औरंगाबादेत त्यांनी दोन-तीन पिढ्या शिकवल्या. अशा गायकाच्या कार्यक्रमपत्रिकेवर गुरूचे नाव चुकत नाही, आणि नावाखाली 'आकाशवाणी मान्यताप्राप्त' हे शब्द तर जवळपास पदवीच. आकाशवाणीची दर्जानिहाय चाचणी पन्नासच्या दशकात सुरू झाली. तिने आणखी एक चांगली सवय लावली. निवेदक गायकाचे नाव सांगून थांबत नसे. तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, हेही प्रसारित होत असे. साथीदाराचे नाव घरोघर पोचवण्याचे काम सरकारी खात्याने केले, हे मान्य करावे लागते. वेरूळ-अजिंठा महोत्सवाच्या फलकांवर मात्र पुन्हा तोच प्रकार: पाठीमागे लेणे किंवा सोनेरी महाल, पुढे चार-पाच चेहरे, तेही फक्त मुख्य कलाकारांचे.

वेबसाइट आली ती हे सगळे घेऊन. अमेरिकेत १९९३ मध्ये काही विद्यार्थ्यांनी 'इंटरनेट अंडरग्राउंड म्युझिक आर्काइव्ह' सुरू केले, कंपनीशिवाय गाणाऱ्यांसाठी. २००३ चे मायस्पेस, २००८ चे बँडकॅम्प यांनी रचना पक्की केली. मध्ये एक काळ असा होता की साइट उघडताच फ्लॅशचे अॅनिमेशन चालू होई आणि न विचारता गाणे वाजू लागे. वरातीच्या बँडला जी सवय शोभते, ती ऑफिसात बसलेल्या माणसाला शोभत नाही. २०१८ मध्ये क्रोमने आवाजाचे आपोआप वाजणे रोखले, २०२० च्या अखेरीस फ्लॅशच बंद झाले.

मराठी साइटींची अडचण आणखी निराळी होती. युनिकोड रुळण्याआधी मराठी अक्षरे शिवाजी, श्रीलिपीसारख्या फॉन्टांत असत. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की मजकुराचा काला. म्हणून गायकाचे नाव, कार्यक्रमाची तारीख, सगळे चित्र करून चिकटवत. दिसायला सुबक, पण शोधायला गेले तर काहीच सापडत नसे, कारण यंत्राच्या लेखी त्या पानावर अक्षरच नव्हते. किती कलाकार त्या काळात जाळ्यावर असून नसल्यासारखे राहिले असतील! मराठवाड्यातल्या बहुतेकांनी मग वेबसाइटचा नादच सोडला. यूट्यूब चॅनेल ही त्यांची गाणी, व्हॉट्सअॅप हा संपर्क, आणि फेसबुकवरचा फ्लेक्स ही कार्यक्रमांची यादी. सुपारी आता फोनवर ठरते, विसार क्यूआर कोडने येतो.

या स्थलांतरात साथीदारांचे काय झाले? कॅसेटचे उभे कार्ड अॅपच्या चौकोनात बसवताना वरचे आराध्य दिसते, आतला मजकूर बाहेर राहतो. कोरस, ढोलकी, बासरी यांची नावे डबीत राहिली. स्पॉटिफायने २०१८ मध्ये गीतकार आणि निर्मात्यांची नावे दाखवायला सुरुवात केली, पण जुन्या मराठी कॅसेटींसाठी ती माहिती भरणार कोण?

तमाशाच्या मॅनेजरला ढोलकीला कोण हे सांगावेच लागे, कारण गावकरी विचारत. तसे विचारणारे आता यूट्यूबवर आहेत. गेल्या काही वर्षांत ढोलकी आणि हलगी वाजवणाऱ्यांनी स्वतःची चॅनेल उघडली आहेत. तिथे फोनचा कॅमेरा थेट वाद्याच्या पानावर लावलेला असतो, बोटे आणि थाप स्पष्ट दिसावी म्हणून; वर्णनात वादकाचे नाव, गाव, उस्तादाचे नाव आणि मोबाइल नंबर येतो. गायक त्या चौकटीत येतच नाही, नुसता ऐकू येतो.